सांध्याखालचा फुटवा

॥ श्री ॥
लाटंबार्से, डिचोली
७ जुलै २०२४

चि. सुलोचना हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, फोन कानाला लावला म्हणजे मला बाटलीत माशी अडकल्यासारखी भुणभुण तेवढी ऐकू येते. परवा तू काय विचारलेस आणि मी काय उत्तर दिले ते देव जाणे. सुशीला म्हणाली, तू पायाची चौकशी केलीस आणि मी गाईच्या दुधाचा हिशेब सांगितला.

पाय अजून प्लास्टरात आहे. जूनमधल्या त्या वादळात संतोषचा आंबा मोडला. शेंड्याला किंवा फांदीला नाही, पार बुंध्याशी. तू ती चिऱ्यांची पेड, झाडाचा पार, पाहिली आहेसच. आमचा पोरगा काविळीने गेल्यावर मीच ती झाडाभोवती बांधून घेतली आणि आत खाणीवरची तांबडी माती टाकली. सुशीला संध्याकाळी तिथे पणती लावते. झाड मोडले ते नेमके त्या पेडीच्या काठाशी. आवाज ऐकून मी धावलो आणि शेवाळावरून घसरलो. खोड गोठ्याच्या कोपऱ्यावर पडले. गाय वाचली ती तिच्या नशिबाने.

त्याने ते कलम केले तेव्हा तो कॉलेजात होता. आमच्याकडे मानकुराद आंबा नाही म्हणून कुठून तरी काडी आणली आणि बांधली. मी त्याला हसलो होतो. पुढे त्याच झाडाचे आंबे मी डिचोलीच्या बाजारात छाती काढून नेले. त्याच्या हातचे असे ते एवढेच उरले होते.

आता खरी बातमी. पेडीतल्या मातीतून दोन फुटवे वर आले आहेत. तांबूस, मऊ, तान्ह्या मुलाच्या कानाच्या पाळीसारखी पाने. लोक हसतील म्हणून कोणाकडे बोलत नाही, तुला लिहितो. रोज सकाळी मी खुर्ची घेऊन त्यांच्यापाशी बसतो. शेळ्या येतात, माकडे येतात, शेजारची कोंबडी उकरते. काट्यांचे कुंपण केले आहे, तरी जीव थाऱ्यावर नाही.

तुला मुद्दाम लिहायचे ते वेगळेच. तुझ्या परसातला आंबा छपरावर झुकला आहे. मागच्या खेपेस आलो तेव्हाच माझ्या डोळ्यांत तो सलला होता. आमचे झाड पडताना मी पाहिले आहे, त्याला वेळ लागत नाही. गणेशला सांग, वनखात्याची परवानगी काढ आणि तोडून टाक. झाडाला माया लावून छप्पर वाचत नाही. मी दोनदा सांगणार नाही.

घरच्या सर्वांस आशीर्वाद. आठवण ठेवावी.

तुझा,
जयरामदादा

ता. क. आंब्याचे विसरू नको.


॥ श्री ॥
वारखंड, पेडणे
१८ जुलै २०२४

ती. दादास,
सुलोचनाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोचले. दोनदा सांगणार नाही म्हणतोस आणि खाली ता. क. घालून दुसऱ्यांदा सांगतोस. लहानपणी मला विहिरीजवळ जाऊ नको म्हणून सांगायचास, तेही असेच. त्या भीतीने मी आजवर पोहायला शिकले नाही.

पत्र मी मोठ्याने वाचले. गणेश आधी हसला. मामांना वाऱ्याचासुद्धा राग येतो, म्हणाला. पण त्या रात्री वारा सुटला तसा दर थोड्या वेळाने उठून जनेलातून झाडाकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी अर्ज केला आणि परवानगीही आली. बेळगावकडची माणसे मशीन घेऊन येणार आहेत. नागपंचमीला कापणे-चिरणे नको असे मी सांगितले, म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवसाचे ठरले आहे. झाड काढून खुंट उकरायचा आणि तिथे कोबा घालायचा असा त्याचा बेत आहे. गाडी ठेवायला जागा होईल.

खरे सांगू, मला जिवावर येते. ते झाड संतोषने दुधाच्या रिकाम्या डब्यातून आणले होते. घरभरणीला सगळ्यांनी भांडी दिली आणि याने झाड दिले, म्हणून आम्ही त्याची थट्टा केली होती. पण तू सांगतोस म्हणजे विचार करूनच सांगत असशील.

गणेशची समीक्षा तुला एक प्रश्न विचारते आहे. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते, तेव्हा हल्ली घरात भाजी निवडतानाही आम्हाला पानाच्या शिरा मोजाव्या लागतात. ती विचारते की तुझे फुटवे सांध्याच्या वरून आले आहेत की खालून. मला त्यातले काही कळले नाही. तिला थेट लिही.

वहिनीला सांग, कोकमाची सोले पाठवते. पाय जप आणि राग मानू नको.

तुझी,
सुलू


॥ श्री ॥
लाटंबार्से
२६ जुलै २०२४

चि. समीक्षा हिस,
मामाआजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न आला तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. सांधा म्हणजे संतोषने काडी बांधली होती ती जागा, एवढे मला कळते. तिथे एक गाठ होती, गुडघ्यासारखी. पण ती जमिनीपासून वीतभरच वर होती आणि पेड बांधली तेव्हा मातीत गेली. फुटवे मातीतून वर येतात. आता ते पाच झाले आहेत. ते गाठीच्या वरून निघाले की खालून, हे मला बसल्या जागेवरून कसे दिसणार?

मी चौथी शिकलेला माणूस. मला सरळ लिही. खालून आले असले तर काय होते? वाढतील ना? आंबे धरतील ना? माती उकरून पाहावी म्हटले, तर मुळांना इजा झाली म्हणजे? आज पाने वाऱ्याने हलली तरी मी उठून उभा राहतो, एका पायावर.

तुझ्या आजीला सांग, झाड संतोषने आणले म्हणून मन कच्चे करू नये. ते कुठल्या तरी नर्सरीतले. छप्पर महत्त्वाचे.

लवकर उत्तर दे. अभ्यास आधी, मग उत्तर. पण लवकर.

तुझे,
मामाआजोबा


॥ श्री ॥
वारखंड
३ ऑगस्ट २०२४

ती. मामाआजोबांस,
समीक्षाचा साष्टांग नमस्कार.

अभ्यास बाजूला ठेवून आधी उत्तर लिहिते आहे. आजीला सांगू नका.

कलम म्हणजे दोन झाडे एकमेकांना धरून उभी असतात. खाली खुंट. तो बहुधा घोंटाचा, म्हणजे रानात उगवणाऱ्या रायवळ आंब्याचा. मुळे त्याची. जमिनीतले पाणी तो लाकडातून वर पाठवतो. वर मानकुरादची काडी. तिची पाने उन्हात अन्न तयार करतात आणि ते सालीतून खाली मुळांना मिळते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओला, पातळ थर असतो. झाडाची जाडी त्याच थरातून वाढते. दोघांचे ते थर एकमेकांना टेकले तरच सांधा जुळतो. पण जुळला तरी दोघे एक होत नाहीत. सांध्याच्या वर जो डोळा फुटेल तो मानकुराद आणि खाली फुटेल तो घोंट. फुटवे खालचे असले तर वाढतील, मोहोरतील, आंबेही धरतील. पण ते संतोषकाकांच्या झाडाचे आंबे नसतील.

तुम्हाला वाईट वाटेल अशी आणखी एक गोष्ट लिहायला हवी. झाडाच्या सालीलाही हवा लागते. ती कायम ओल्या मातीत दबून राहिली की कुजते आणि वरून आलेले अन्न खाली उतरत नाही. झाड पेडीच्या काठाशी का मोडले, ते माती काढल्यावर कळेल. तुम्ही प्रेमानेच बांधलीत, हे मला माहीत आहे.

पण ऐका. कोय रुजवली तर नवे झाड होते. त्याची आई आपल्याला माहीत असते, बाप मात्र मोहोरावर बसणाऱ्या माश्यांना ठाऊक. काडी बांधली तर नवे काहीच जन्मत नाही. तेच झाड दुसऱ्या मुळांवर पुढे जगते. तेव्हा संतोषकाकांनी काडी आणली ते मूळ झाड कुठे आहे, ते आठवून बघा. ते किंवा त्याचे दुसरे कलम कुठे उभे असेल, तर तुमच्या फुटव्यांवर तीच काडी पुन्हा बांधता येईल. पाऊस आहे तोवरच.

माती हळूच काढा. फावडे नको. आणि एका पायावर उभे राहू नका.

तुमची,
समीक्षा


॥ श्री ॥
लाटंबार्से
१० ऑगस्ट २०२४, सकाळ

चि. सुलोचना,
आशीर्वाद. हे पत्र गौरेशच्या हातून पाठवत आहे. गावातलाच, बसवर कंडक्टर आहे. म्हापशाला ड्युटी बदलून तो पुढे पेडण्याला येणार आहे. पत्र हातात पडताच आधी परसात जा आणि मशीन थांबव. मग पुढचे वाच.

समीक्षाचे पत्र परवा संध्याकाळी आले. काल नागपंचमी. त्या दिवशी माती खणायची नाही, असे सुशीलाने बजावले. मी पुष्कळ चडफडलो, पण तिने ऐकले नाही. आज उजाडताच मी खुर्चीत बसलो आणि तिने कुलेराने, चमच्याने, माती काढली. फावड्याला हात लावू दिला नाही. चिरे ढकलले. आत साल काळी पडलेली, बोटाने ओढली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी निघून आली. गाठ सापडली. तिच्यावरचे लाकूड भुसा झाले होते. पाचही फुटवे गाठीच्या खालचे. एकही वरचा नाही.

सुशीला गाठीवर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली की त्या पावसात पोराने दोन कलमे बांधली होती, एकाच फांदीच्या काड्यांची. एक इथे लावले आणि दुसरे दुधाच्या डब्यात वाढवून आत्याच्या घरभरणीला नेले. मी तेव्हा दिवसभर खाणीवर असायचो, मला कोणी सांगितले नव्हते. मूळ झाड कारापूरच्या एका बागेत होते. तिथे आता प्लॉट पडले आहेत.

म्हणजे तुझ्या परसात जे उभे आहे ते हेच झाड, आणि ते तोडायला मी सांगितले. सुशीलाला मी ते पत्र वाचून दाखवले नव्हते. आज सांगितले. ती उठून आत गेली.

फोन लावून पाहिले. तीन दिवस इथला टॉवर बंद आहे, वीजही नाही. मी स्वतः आलो असतो, पण या पायाने बसची पायरी चढवत नाही. गौरेशला म्हटले, धाव. तो म्हणाला, बस धावेल तेवढाच मी धावणार.

छप्पर पडले तर मी भरून देईन. झाड थांबव.

जयराम


॥ श्री ॥
वारखंड
११ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सुलोचनाचा शि. सा. न.

हे पत्र समीक्षाच्या हाती देते आहे. ती समोर उभी असेल, तिला आधी आत घे आणि चहा दे. पहाटेपासून उपाशी आहे. काड्यांना उशीर होईल म्हणून खायला थांबली नाही.

दादा, झाड राहिले नाही. माणसे सकाळीच आली होती. गौरेश पोचला तेव्हा खोडाचे तुकडे करणे चालले होते. तो बिचारा कंडक्टरची पिशवी खांद्याला तशीच लटकवून पळत आला आणि दारातच ओरडायला लागला. मशीनच्या आवाजात कोणाला काही ऐकू जाईना. गणेशला वाटले तिकिटाची काही भानगड आहे. मी पत्र वाचले आणि परसात जाऊन मधोमध उभी राहिले, तेव्हा मशीन बंद झाली.

गणेशने पत्र वाचले आणि त्या खोडावरच बसला. जेवायला ये म्हटले तरी उठला नाही. मामांनी सांगितले म्हणून केले, असे तो एकदाही बोलला नाही. हे तुला कळावे म्हणून लिहिते. नागपंचमीचा दिवस मीच सोडायला लावला होता. नाही तर ती माणसे आणखी आधी आली असती. पण त्याच दिवसाने तुझे माती काढणे लांबवून घात केला. कोणाला काय म्हणायचे?

समीक्षा मात्र रडत बसली नाही. शेंड्याकडच्या फांद्या ओल्या पाल्यात पडल्या होत्या, पाने अजून ताठ होती. टोकाचे डोळे फुगले आहेत पण फुटले नाहीत, अशा काड्या तिने वेचल्या. पाने छाटून टाकली. पानांतून पाणी उडून जाते, आणि तोडलेल्या काडीला पाणी द्यायला मुळे नसतात, म्हणून. ओल्या फडक्यात गुंडाळून वर केळीच्या खोडाचे सोप बांधले. खरे तर काडी कापण्याआधी आठवडाभर झाडावरच पाने काढायची असतात, म्हणजे रस डोळ्यात जमतो. ते राहिले. जगतील का म्हणून विचारले तर म्हणते, कॉलेजात तिने बांधलेली सगळी मेली होती.

या केळीच्या सोपात आहे तेवढेच संतोषचे झाड आता जगात आहे. सांभाळून उघड.

वहिनीला माझा नमस्कार. ती तुझ्याशी बोलत नसेल तर तूच आधी बोल.

तुझी,
सुलू


॥ श्री ॥
लाटंबार्से
२२ सप्टेंबर २०२४

चि. सुलोचना हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही घडत नव्हते आणि जे घडत होते ते लिहिवत नव्हते. चतुर्थीला तुम्ही कोणी आला नाहीत ते बरेच केलेत. मी माणसांत नव्हतो. गणपतीवरच्या माटोळीची फळे बांधतानाही माझे डोळे परसाकडे होते.

समीक्षाने ब्लेडने काडीची पाचर केली, फुटव्याला चीर दिली आणि एकाची साल दुसऱ्याच्या सालीला भिडवली. मी फुटवा धरला, तिने प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. मेलेल्या कलमांची मास्तरीण म्हणून मी तिला चिडवले, तर ती म्हणाली की मामाआजोबा, श्वास रोखून धरू नका, झाड तुमच्या श्वासाने हलत नाही.

चार फुटव्यांवर काड्या बांधल्या. पाचवा छाटायला तिने कात्री उचलली तेव्हा सुशीला आडवी आली. बहिणीला माहेरची गोष्ट सांगावी तशी ती त्या पोरीला सांगू लागली. आमच्या लग्नानंतर ती दोडामार्गाकडून, माहेरून, मोहरी वाटून सासव करायला घोंट घेऊन आली होती. कोयी न्हाणीच्या पाण्यावर टाकल्या, त्यातली एक रुजली. संतोषला खुंट हवा होता, तेव्हा त्याने तीच तिच्याकडे मागितली. हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हते. त्या झाडाला मी त्याचे झाड म्हणत आलो, आणि खाली उभी होती ती हिची कोय. ती समीक्षाला म्हणाली, "इतकी वर्षे याने खालून पाणी दिले. स्वतःचे फळ एकदा तरी दिसू दे याला."

कात्री खाली ठेवली.

पुढचे तुला कळवत नव्हतो ते हे, की पहिली काडी आठवड्यात काळी पडली. मग दुसरी. तिसरीचा डोळा फुगला, मला वाटले जमले, आणि एका सकाळी बघतो तर हात लावताच गळून पडली. राहिली चौथी. ती हिरवीही दिसेना आणि काळीही होईना. मी नखाने साल खरवडून बघायला गेलो, तर सुशीलाने माझा हात धरला. नागपंचमीनंतर ती माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. त्या दिवशी हात धरून तशीच तिथे बसली. सुलूने सांगितले आहे म्हणून बोलतो, असे म्हणून मी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, सुलूने सांगेपर्यंत वाट बघत होतास होय.

काल सकाळी डोळा फुटला. दोन पाने आहेत, तांब्याच्या रंगाची, अजून मिटलेली. आधी मला खरे वाटेना. पट्टीच्या वरून निघाली आहेत की खालून, ते मी चष्मा पुसून पुसून पाहिले. वरून आहेत. सुशीलाला बोलावले, शेजारच्या प्रज्योतला बोलावले, रस्त्याने पाववाला पोदेर चालला होता त्यालाही बोलावले. त्याने उंडे देता देता बघितले आणि छान आहे म्हणाला. त्याला काय कळले असेल देव जाणे.

पेड काढून टाकली आहे. बुंध्याशी हवा खेळते. पणती आता बाजूला चिऱ्यावर लावतो. घोंटाचा फुटवा कलमापेक्षा हातभर उंच गेला आहे. त्याची सावली कलमावर पडेल का, याची मला काळजी लागली आहे. समीक्षाला विचारून कळव.

गणेशला सांग, त्याच्यावर माझा राग नाही. राग ज्याच्यावर धरायचा तो माणूस इथे खुर्चीत बसला आहे, आणि त्याचे प्लास्टर निघाले आहे. तुमच्या छपराच्या मागच्या बाजूला जो माड आहे त्याविषयी मला काही लिहायचे होते. चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. खोडलेले वाचायचा प्रयत्न करू नका.

एवढेच सांगतो. तुमच्या परसातला खुंट उकरू नका आणि वर कोबा घालू नका. मुळे जिवंत असतील. फुटवे येतील, घोंटाचेच येतील, येऊ द्यात. ही काडी जगली, वाढली, तर पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या पावसात तिची एक काडी घेऊन मी स्वतः येईन. बसची पायरी आता चढता येते. दोनदा सांगणार नाही.

घरी सर्वांस आशीर्वाद. माझ्यासारख्या माणसाला जेवढा जीव लावता येतो तेवढा लावत राहा.

तुझा,
जयरामदादा

ता. क. खुंटावर कोबा घालू नका.